उस्ताझ वगदींचं किताब लिहिणं

रजेच्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. तो बोटभर रुंद असतो आणि माणसाची सगळी अडचण त्यात मावावी अशी सरकारची अपेक्षा असते. उस्ताझ वगदी (उस्ताझ म्हणजे आमच्याकडचे ‘साहेब’) त्या रकान्यापुढे पाऊण तास बसून होते. खरं कारण होतं कादंबरी. पण कालवे खात्याच्या कागदावर ‘कादंबरी’ असं लिहिणं म्हणजे त्यांना भर रस्त्यात अंघोळीला बसण्यासारखं वाटत होतं. वय सत्तेचाळीस, वीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढण्यात गेलेली. अशा माणसानं ‘मी कादंबरी लिहितो’ म्हटलं की समोरच्याच्या ओठाचा एक कोपरा वर जातो. तो कोपरा बघायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी फार विनयानं, बारीक अक्षरात लिहिलं : ‘किताब लिहिणे.’

आता, आमच्या मन्सूरा शहरात ‘किताब लिहिणे’ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काझी येतो, दोन साक्षीदार येतात, रुमालाखाली हातात हात दिला जातो, बायका जीभ वळवून ‘लुलुलु’ करत गल्ली डोक्यावर घेतात, आणि किताब लिहिली जाते. म्हणजे निकाह लागतो. खरोखरीचं पुस्तक लिहिण्यासाठी कुणी हे शब्द वापरल्याचं निदान आमच्या गल्लीत कुणाला आठवत नाही. वगदींनी वापरले. बारा वर्षं मनात कादंबरी घोळवणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये याचं तुम्हाला नवल वाटेल, पण ते त्या क्षणी मन्सूरात नव्हतेच. ते कादंबरीत होते.

आस्थापना विभागाच्या मादाम इन्साफनी अर्ज वाचला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा चष्म्यावरून मान वर करून वगदींकडे नीट पाहिलं.

“मब्रूक! अभिनंदन, उस्ताझ! किती वर्षं मनात होतं हे?”

“बारा,” वगदी लाजून म्हणाले.

“बारा! आणि आम्हाला पत्ता नाही?”

“कुणाला सांगायचा धीरच झाला नाही, मादाम.”

“मग अडलं कुठं एवढं?”

“सुरुवातीलाच. पुढं म्हणून सरकत नव्हतं.”

“त्यांच्याकडून, की तुमच्याकडून?”

वगदींनी प्रामाणिकपणे विचार केला. पात्रांचा तसा काही दोष नव्हता. “माझ्याकडूनच,” ते म्हणाले.

“पुरुष मेले सगळे सारखेच,” असं म्हणून मादामनी त्यांचा अर्ज फाडला आणि खणातून दुसराच, गुलाबी कागद काढला. “स्वतःची रजा कशाला घालवता? ह्याला विशेष रजा असते. तीन आठवडे, भरपगारी. करा इथं सही.”

वगदींचा ऊर भरून आला. सरकार साहित्याची एवढी कदर करतं आणि आपण वीस वर्षं सरकारला नावं ठेवली, याची त्यांना शरम वाटली. त्यांनी सही केली. कागद वाचला नाही. सही करायचा कागद वाचायचा नसतो, हे तर सरकारी नोकरीत पहिल्या आठवड्यातच शिकवतात.

रजेच्या पहिल्या सकाळी त्यांनी टेबल खिडकीशी ओढलं. पेन्सिलींना टोकं केली. चहा केला, प्यायला, पुन्हा केला. मग कागदावर बारा वर्षांपूर्वीच तयार असलेली पहिली ओळ लिहिली : ‘सनिय्याचं घर कालव्याच्या बरोबर मधोमध येत होतं.’ ओळ चांगली होती. वगदींनी ती चार वेळा वाचली. दुसरी ओळ कशी असावी याचा विचार करायला त्यांनी डोळे मिटले, आणि जिन्यात अशी काही ‘लुलुलु’ उठली की टेबलावरचा पेला थरथरला.

ही तिसऱ्या मजल्यावरची उम्म करम, म्हणजे करमची आई. ती आणि मादाम इन्साफ एकाच भट्टीवर पाव घेतात, यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. तिच्या हातात लाल सरबताचं ताट होतं आणि मागे आमच्या इमारतीचा दरवान अम्म बयूमी, म्हणजे बयूमीकाका, हसत उभा होता.

“हजार वेळा मब्रूक, उस्ताझ!” ती घरात शिरत म्हणाली. “शेजारी असून मला भट्टीवर कळावं? जाऊ दे, आनंदाचा दिवस आहे, मी राग धरत नाही. पण ह्या भिंती! ह्या असल्या भिंतींत कुणाचं मन रमेल?”

वगदींनी भिंतींकडे पाहिलं. पोपडे आले होते, कोपऱ्यात ओल होती. बारा वर्षं आपलं मन का रमलं नाही, दुसरी ओळ का सुचली नाही, ह्याचं उत्तर त्यांना अचानक समोर दिसलं. एवढी जाणती बाई आपल्या डोक्यावर राहते आणि आपण तिला फक्त मुलूखियाची पालेभाजी शिजवणारी समजत होतो!

“खरं आहे तुमचं,” ते म्हणाले.

“रंगारी माझा चुलतभाऊ आहे,” अम्म बयूमी म्हणाला. मन्सूरातला कुठलाही कारागीर अम्म बयूमीचा चुलतभाऊच असतो. नळवाला, सुतार, दात काढणारा, सगळे. चुलतभाऊ तासाभरात आला, त्यानं सुरीनं भिंत खरवडली, आणि भिंत त्याच्या हातात आली. मग आतला नळ दिसला. तो फुटलेला होता. मग नळवाला चुलतभाऊ आला. वगदींनी टेबल, कागद आणि स्वतःला गॅलरीत नेलं. तिथं ऊन होतं, उम्म करमचे वाळत घातलेले पडदे डोक्यावर ठिबकत होते, आणि समोरच्या गच्चीवरचा कबुतरवाला दर पाच मिनिटांनी ओरडून विचारत होता, “झालं का हो, उस्ताझ?”

“होतंय,” वगदी म्हणायचे. चार दिवसांत त्यांचं एवढंच साहित्य निर्माण झालं.

रंग कुठला द्यायचा, हे त्यांना कुणी विचारलं नाही. ते फक्त ‘शांत असावा’ म्हणाले होते. पाचव्या दिवशी पडदा सरकवून ते आत आले तेव्हा खोली पेरूच्या गरासारखी गुलाबी झाली होती.

त्या गुलाबी खोलीच्या मधोमध त्यांची थोरली बहीण नझीहा उभी होती. तांताहून पहिल्या गाडीनं निघालेली, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात हरभऱ्याच्या मिठाईचा डबा, डोळे लाल.

“अब्ला, तू कशी काय?” वगदींनी विचारलं. अब्ला म्हणजे ताई; आई गेल्यापासून ती त्यांची आईच.

“माझ्याशी बोलू नकोस,” नझीहा म्हणाली आणि पुढचा अर्धा तास बोलत राहिली. “आई जाताना तुझा हात माझ्या हातात देऊन गेली. वीस वर्षं मी मुली शोधल्या. एकीचं नाक तुला चालेना, एकीचा आवाज चालेना. मी गप्प बसले. आणि आता तू ठरवून मोकळा झालास, ते मला उम्म करमनं फोन करून सांगावं? मी काय परकी आहे? कोण आहे ती?”

“कोण कोण आहे?”

“नवरी, मेल्या! जिच्याशी किताब लिहितोयस ती!”

एखाद्या बहिऱ्या माणसाचे कान उघडावेत तसं वगदींचं झालं. मादामचं ‘त्यांच्याकडून की तुमच्याकडून’, सरबत, भिंती, पेरूचा रंग, कबुतरवाला, सगळं एकदम कळलं. ते मटकन रंगाच्या डब्यावर बसले. डबा उघडा होता.

“अब्ला, ऐक, तसं काही...”

पण नझीहानं तोवर पेटीतून एक पुरचुंडी काढली होती. आत आईच्या दोन बांगड्या होत्या. “तुझ्या बायकोसाठी ठेवल्या होत्या,” ती म्हणाली, आणि आता मात्र ती रागानं रडत नव्हती. “नवरा आजारी पडला तेव्हासुद्धा मोडल्या नाहीत रे. नाव काय तिचं? एवढं तरी सांगशील?”

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं हे वगदींना पुढं आयुष्यभर वाटत राहिलं. पण बहिणीच्या तोंडावर वीस वर्षांनी असा उजेड आला होता की त्यांच्या तोंडून त्या घटकेला त्यांना आठवलेलं बाईचं एकमेव नाव निघून गेलं.

“सनिय्या.”

“सनिय्या! गोड नाव आहे. कुठली?”

“कालव्याकाठची. तिथं तिचं घर आहे.”

“स्वतःचं घर?” नझीहानं डोळे पुसले.

“हो. पण ते पाडणार आहेत. कालवा तिथूनच जाणार आहे.”

“अरे देवा! बिचारी!” नझीहा म्हणाली, आणि उम्म करम, जी अर्थातच दारामागे होती, ती आत येऊन म्हणाली, “सरकारला काही लाज?”

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे वगदींना विचारू नका. इमारतीतली प्रत्येक बाई सनिय्याची चौकशी करून गेली, आणि दर चौकशीला उत्तर देणं भाग होतं. सनिय्या विधवा होती. वय? चाळीस. पुन्हा लग्न का नाही केलं? कारण गावातल्या प्रत्येक पुरुषाला तिच्यापेक्षा तिची म्हैस हवी होती. भाऊ? एक होता, त्यानंच घराच्या कागदावर अंगठा देऊन पैसे खाल्ले होते. ह्यावर उम्म करम अशी संतापली की तिनं आपल्या स्वतःच्या भावाशी बोलणं टाकलं. नझीहा तर रोज विचारायची, “आज सनिय्या काय करत असेल रे?” आणि वगदी नाइलाजानं सांगायचे की आज ती चुलीपाशी बसली असेल, दार आतून लावून, कारण मोजणीवाले येऊन गेले. सांगताना त्यांचं त्यांनाच वाईट वाटायचं. पण लिहायला म्हणून बसावं, तर कुणीतरी मापाची पट्टी घेऊन खिडकीची लांबी मोजत असायचं.

आणि दुमयातला जाणं तर चुकणारच नव्हतं. आमच्याकडे लग्न म्हणजे दुमयातचं लाकूडसामान. त्यावाचून काझी किताब लिहीत नाही असं नाही, पण लोक तिला किताब मानत नाहीत. नझीहानं पलंग निवडला. त्याच्या डोक्याशी दोन हंस कोरलेले होते, चोचीला चोच लावलेले. पलंग जिन्यात वळेना. अम्म बयूमीच्या सहा चुलतभावांनी तो दोरानं गॅलरीतून वर ओढला, अख्खी गल्ली खाली उभी राहून सूचना देत होती, आणि मधोमध लोंबकळणाऱ्या त्या हंसांकडे बघताना वगदींना वाटलं, आपली अब्रू हीच, दोराला बांधून चाललेली. पलंग आत आला तेव्हा खोलीत टेबलाला जागा उरली नाही. ते अम्म बयूमीनं जिन्याखाली नेलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कांदे होते.

चौदाव्या दिवशी नझीहा नवे बूट घालून, फतीरचं, म्हणजे तुपातल्या पोळ्यांचं, ताट कापडानं झाकून, दारात उभी राहिली. “चल. घर दाखव. मुलीकडं कुणी मोठं माणूस जायला नको? आणि तिच्या त्या भावाशी मला बोलायचंच आहे.”

वगदींनी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं. अर्जाच्या रकान्यापासून कांद्यांपर्यंत. खाली मान घालून, कार्यालयात चूक कबूल करावी तसं.

नझीहानं हातातलं ताट खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, “म्हणजे सनिय्या नाहीच?”

“नाही, अब्ला.”

“म्हैस?”

“म्हैस पण नाही.”

ती तिथंच पाटावर बसली आणि हुंदके देऊन रडली. वगदींनी आजवर तिला आई गेल्यावरच असं रडताना पाहिलं होतं. आपण ह्या बाईचं किती मोठं सुख हिरावून घेतलं हे त्यांना कळत होतं, आणि स्वतःच्या त्या कादंबरीची त्यांना मनापासून चीड आली.

“मी जाळून टाकतो ते,” ते म्हणाले.

“किती लिहिलंयस?”

“एक ओळ.”

नझीहानं डोक्यावरचा रुमाल सोडून नाक पुसलं. “एका ओळीसाठी तू घराला रंग दिलास?” तिचा आवाज चढला. “नऊ दिवस मी त्या बाईसाठी जीव टाकतेय. तिच्या घराचं काय होईल म्हणून मला जेवण जात नाही. आणि तू म्हणतोस ती नाही! नाही कशी? तिला कुठंतरी असायला नको? ऊठ. लिही तिला.”

“टेबल नाही, अब्ला.”

“पलंग आहे ना!”

तिनं त्यांना खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि जिन्यात जाऊन जाहीर केलं की नवरदेवाला जबर नजर लागली आहे; आठवडाभर त्यानं कुणाचं तोंड पाहायचं नाही. आमच्याकडे नजरेपुढं कुणाचं चालत नाही. उम्म करमनं दाराशी धूप जाळला, कबुतरवाला खालच्या आवाजात बोलायला लागला, आणि उस्ताझ वगदी त्या पेरूच्या रंगाच्या खोलीत, दोन हंसांना पाठ टेकून, मांडी घालून सात दिवस लिहीत बसले. काही शोधावं लागत नव्हतं. म्हैस, भाऊ, चूल, आतून लावलेलं दार, सगळं बायकांनी आधीच विचारून ठेवलं होतं. चौतीस पानं झाली. दारात मोजणीवाले उभे, आत सनिय्या, एवढ्यावर गोष्ट आली आणि रजा संपली.

रुजू होताना मादाम इन्साफनी हात पुढं केला. “काझीचा दाखला?”

“काझी नव्हता, मादाम. मी पुस्तक म्हणालो होतो.”

मादामचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला, कारण तो गुलाबी कागद त्यांनी स्वतःच्या हातानं भरला होता. अशा वेळी सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. प्रकरण वर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वगदींची चौकशी लागली. खोटं कारण दाखवून विशेष रजा. ह्यात नोकरी जाऊ शकत होती, आणि चौकशी करणार होते मोठे साहेब रिफअत बे, ज्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. नझीहा बरोबर आली. तिला बाहेर बाकावर बसवलं. ती संकटात म्हणायची आयत-अल-कुर्सी पुटपुटत होती.

“रजेत किताब लिहिली, असा तुमचा दावा आहे,” रिफअत बे म्हणाले.

“हो, साहेब.”

“पुरावा?”

वगदींनी चौतीस पानं टेबलावर ठेवली. आजवर त्यांची एक ओळही कुणी वाचली नव्हती, आणि पहिला वाचक मिळाला तो असा.

“पुरावा वाचून नोंदीत घ्यावा लागतो,” रिफअत बेंनी सुस्कारा टाकला आणि ते नोंद घ्यायला बसलेल्या मादाम इन्साफकडे वळले. “मादाम, लिहा.” आणि फुटक्या नळाचा पंचनामा वाचावा त्या आवाजात त्यांनी सुरुवात केली : “सनिय्याचं घर कालव्याच्या बरोबर मधोमध येत होतं.”

तीन पानं ते तसंच वाचत गेले. चौथ्यावर त्यांनी खुर्ची पुढं ओढली. म्हशीच्या मागणीपाशी मादाम इन्साफना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. नवव्या पानावर त्या लिहायच्या थांबल्या होत्या. चहा आला, निवला, परत गेला. दार केव्हा उघडलं कुणास ठाऊक, नझीहा आत येऊन उंबऱ्यापाशी उभी होती आणि तिला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही. भावानं अंगठा दिला तिथं रिफअत बे क्षणभर थांबले, त्यांनी चष्मा पुसला आणि आवाज नीट करून पुढं वाचलं. चौतिसावं पान संपलं. त्यांनी ते उलटलं. मागं कोरं होतं.

“पुढचं पान?”

“एवढंच झालंय, साहेब.”

“एवढंच म्हणजे? ती दार उघडते की नाही?”

“ते अजून ठरलं नाही.”

“ठरलं नाही?” रिफअत बेंनी टेबलावर हात आपटला. “मोजणीवाले दारात उभे आहेत! ती बाई आत एकटी आहे! आणि तुमचं ठरलं नाही?”

बारा वर्षांत ‘पुढचं पान’ हे दोन शब्द वगदींना कुणी म्हटले नव्हते. आपली नोकरी जाणार आहे हे ते साफ विसरले होते.

रिफअत बेंनी मादामना निकाल सांगायला सुरुवात केली. “पुरावा अपूर्ण. सबब चौकशी तहकूब. उर्वरित पुरावा पूर्ण करून सादर करेपर्यंत सदर कर्मचाऱ्यास कामावर येण्यास सक्त मनाई. पगार चालू.”

“मुदत किती घालू, साहेब?” मादामनी विचारलं.

“एक महिना. नको, तीन आठवडे. एक महिना मला दम धरवणार नाही.”

नझीहा आणि वगदी जिना उतरून बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं. तिनं भावाचा हात धरला, जसा लहानपणी शाळेतून आणताना धरायची तसा, आणि सगळ्या रहदारीसमोर त्याला थांबवून म्हणाली :

“लग्नाचं मी तुला पुन्हा विचारणार नाही. पण सनिय्याला घराबाहेर काढलंस, तर माझ्याशी गाठ आहे.”